शेठ आता आपले झाले

सोमवार, १० नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईच्या पिशवीत, गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते आहे. तिला वाटतंय तू चार दिवसांसाठी बोलावलं आहेस. तसंच वाटू दे. सकाळच्या गोळीआधी तिला काहीतरी खायला दे आणि जिना चढताना हात धर. झटकेल, तरी धर. टाके भरलेत, पण धाप अजून लागते. पिशवी जड आहे, कारण तिचे गरम कपडेही भरलेत. "चार दिवसांना एवढे कशाला गं?" म्हणाली. मी म्हटलं, तिकडे थंडी फार असते.

इकडे सगळं ठीक. तुझे भावोजी रोज टीव्हीवर असतात. पक्षाचा प्रवक्ता म्हणजे घरातला पाहुणाच. शर्टांना इस्त्री करता करता माझे हात दुखतात. शेजारीण म्हणते, "वहिनी, तुम्हाला आता काय कमी?" मी हसते.

तू ह्यांना 'भाड्याचं तोंड' म्हणालास आणि उठून गेलास, त्याचा मला राग आला होता. पुष्कळ दिवस होता. आता नाही.

गोदामाच्या आगीवर तू तुझ्या पेपरात लिहितो आहेस, हे मला कळलं. तू नाही सांगितलंस. त्या गोदामाच्या मालकानं, शेठनी सांगितलं. आमच्या बैठकीत बसून, पेल्यातलं पाणी संपवता संपवता. "तुमचा भाऊ हुशार आहे हो, वहिनी." मनात पाल चुकचुकली.

तुला आठवत असेल, त्या गोदामात रात्रपाळीची माणसं आत कोंडून जळाली, तेव्हा सरकार विरोधी पक्षाचं होतं. त्यांचा मंत्री आणि हे शेठ एका सोफ्यावर हसत बसलेत, असा फोटो ह्यांनी टीव्हीवर फडकवला होता. "ज्याच्या मांडीला मांडी लावून बसता, त्याच्या पापातही तुमचा वाटा!" त्या एका वाक्याने मंत्री गेला. त्याच कार्यक्रमात ह्यांनी गोदामाच्या चौकीदाराला शेजारी बसवलं होतं, खांद्यावर हात ठेवून. कुलूप बाहेरून होतं आणि ते शेठच्या हुकमानं होतं, हे तो बिचारा अडखळत बोलला. मला तेव्हा ह्यांचा अभिमान वाटला होता रे. खरंच वाटला होता.

मग सरकार बदललं आणि शेठही बदलले. एके दिवशी बघते तर आमच्याच सोफ्यावर. मी ह्यांना आत बोलावलं. "अहो, हे तेच ना?"

"दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच असतो."

"मग त्या मंत्र्याचं काय?"

"ते वेगळं होतं."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरं काय.

मी गप्प बसले. का बसले, ते सांगायला हवं, आणि तेच सांगायला इतकी पानं लागताहेत. आईच्या ऑपरेशनला त्या मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती. ह्यांनी एक फोन केला. दुसऱ्या दिवशी आईला खिडकीजवळची खोली मिळाली. तू धावतपळत आलास, तेव्हा मास्क लावलेले एक गृहस्थ खाटेपाशी उभे होते. दवाखान्याचे विश्वस्त, असं मी सांगितलं. तू वाकून त्यांचे दोन्ही हात धरलेस आणि म्हणालास, "काका, हे उपकार विसरणार नाही."

बाळ्या, ते शेठ होते.

तू वाकलेला असताना त्यांनी मास्क खाली ओढला आणि त्यांच्या माणसाने फोटो काढला. मी पाहत होते. मला वाटलं, आठवण म्हणून काढताहेत.

आता गेल्या आठवड्याचं. बुधवारी शेठ आत जेवायला बसले होते आणि दारात चौकीदार आला. वाळला आहे पार. मी ह्यांना सांगायला आत गेले, तर हे म्हणाले, "सांग, घरात नाहीत." मी तसं सांगितलं. त्याला चपलांच्या ओळीत शेठचे बूट दिसत होते. तरी तो नीट बोलला. "वहिनी, साहेबांना एवढंच सांगा, टीव्हीवर बोललो तेच कोर्टात बोलणार आहे. त्यांनीच तेव्हा धीर दिला होता."

मी आत आले. शेठनी विचारलं, "कोण होतं?"

माझ्याआधी हेच बोलले. "तो चौकीदार. साक्ष देणार म्हणतो."

"देऊ दे की," शेठ म्हणाले. रुमालाने एकेक बोट पुसलं. "राहतो कुठे हल्ली?"

ह्यांनी सांगितलं. गल्ली सांगितली, खूण सांगितली. पाणपोईच्या मागची निळ्या दाराची खोली. भाजी पुढे सरकवावी तितक्या सहज.

शुक्रवारी त्याची बायको आली. कामावरून तो परतलाच नव्हता. पोलीस म्हणाले, पडला असेल कुठे पिऊन. तो थेंबही घेत नाही. मी ह्यांना विचारलं. आरशासमोर टाय बांधत होते, गाठ जमत नव्हती. "तू यात पडू नकोस. भावाला पत्र लिही. आपण शेठचे मिंधे आहोत, त्याला आठवण करून दे. नाहीतर फोटो आहे आपल्याकडे."

'आपल्याकडे' म्हणाले.

तर हे ते पत्र. मी लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे, काय लिहिते आहे ते नाही.

फोटो ते बाहेर काढतीलच. त्याआधी तूच छाप. आईचं ऑपरेशन कुणामुळे झालं आणि तुला अंधारात कुणी ठेवलं, तेही छाप. माझं नाव घाल. लोक चार दिवस तुला नावं ठेवतील, पण बोलायला तोंड तरी राहील. आईला मात्र तू स्वतः सांग. वर्तमानपत्रातून कळू देऊ नकोस.

शेठची गाडी परवापासून आमच्या फाटकासमोर उभी असते. ड्रायव्हर अदबीने नमस्कार करतो. आज आईची पिशवी दिसताच धावत आला. "वहिनी, मी सोडतो ना." मी म्हटलं, आईला बसच सोसते. त्याने मान डोलावली आणि कुठली बस, ते विचारलं. मी दुसऱ्याच गावाचं नाव सांगितलं.

चौकीदाराची बायको बसस्थानकावर थांबली आहे. आईला बसवलं की आम्ही दोघी कोर्टात जाणार. बुधवारी माझ्या घरात जे बोललं गेलं, ते मी सांगणार आहे. पत्ता कुणी दिला, तेही. ह्यांचं नाव घेताना जीभ अडखळेल. अडखळू दे. त्या माणसाचीही अडखळली होती.

मला फोन करू नकोस. मीच करेन. आणि फोनवर मी गोड बोलले, सगळं मिटलं म्हणाले, आईला परत पाठव म्हणाले, तर माझं ऐकू नकोस. माझ्या शेजारी कोणीतरी बसलंय, असं समज.

आवाजावर नाही, या अक्षरावर विश्वास ठेव.

तुझीच,
ताई