नऊ मुक्काम

पलूस,
१९ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप हरणाआत्यास,
मायाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. परवा फोन केला, तर तुम्ही आपलं बोलणं उरकून खाली ठेवूनही दिलात. माझं तुमच्या कानांपर्यंत पोचत नाही, आणि ज्ञानूदादाच्या मोबाईलवर लिहावं तर तासाभरात म्हसवडभर होतं. म्हणून हा कागद. चाळिशीत हट्टाने लिहायला-वाचायला शिकलात, तेव्हा आता भोगा!

काम असं आहे. दूध संघाच्या लॅबमधून मला डिसेंबरात रजा मिळतेय. पाठीवर सॅक टाकायची आणि आपली मेंढरं कोकणात जायची त्या वाटेने चालत जायचं, असं मनात आहे. घरात त्यावरून रणकंदन माजलंय. सांगलीचा वीरधवल म्हणून एक जण आहे, तो नेमका तीच वाट करायला चोवीस माणसं घेऊन निघतोय. बरोबर जेवणाची जीप, डॉक्टर, सगळं. माझी मैत्रीण पल्लवी त्यांच्यात आहे. आई म्हणते, जायचं तर त्यांच्याबरोबर, नाहीतर घरात बस.

गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर एका गडावर गेले होते. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू? पण कुठे जरा रेंगाळलं की शिट्टी. रात्री घरी आले तेव्हा मला पुढच्याच्या सॅकचा रंग तेवढा आठवत होता. यंदा एकटीने जायचंय. मला सत्तावीस वर्षं झाली आणि मी आजवर सांगलीलासुद्धा कुणाच्या सोबतीशिवाय मुक्कामाला गेलेले नाही. जमेल की नाही हे मला एकदा बघायचंय. भीती वाटते, तीही तुम्हालाच सांगते.

अण्णा म्हणाले, अक्का हो म्हणाली तर माझी ना नाही. तेव्हा सगळा भार तुमच्यावर. लवकर लिहा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली भाची,
माया

&nbsp;

म्हसवड,
२५ नोव्हेंबर २०२३

चि. माया हिस आत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आन ज्ञानूच्या हाती लागू नये म्हणून पिठाच्या डब्यात ठेवलं. डाळिंब बरं हाय. सून बरी हाय. माझे कान हायत तसेच.

एकटं बरं का मेळ्यानं बरं, हे तू चुकीच्या बाईला इचारलंस. तीस वर्सं मी त्या वाटेनं गेले, पण बारा माणसं, दोन घोडी आन तीनशे मेंढरं घिऊन. एकटी कवा दहा पावलं चालले न्हाई. आतापण न्हाई. ऐकू येत न्हाई म्हणून ज्ञानू मला सिद्धनाथाला एकटीला सोडत न्हाई, सून हाताला धरून नेती. त्यांची माया हाय, मला कळतं. पण लय राग येतो. मग एकटं कसं असतं ते मी तुला काय सांगू? तूच बघून ये आन मला लिही. भ्या वाटलं तर तसं लिही, लपवू नको.

वाट सांगते. उंब्रजपासनं पोफळीपतोर आमचे नऊ मुक्काम. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. हेळवाकला रंगूबाई हाय, आमी तिच्या रानात बसायचो, तिला माझं नाव सांग. बाकी रात काढायची तर ज्या घराच्या दोरीवर लहान लेकरांची कापडं वाळत असतील तिथं इचार. वाट पुसायची तर पाण्याला निघालेल्या बाईला पूस, टपरीवरच्या गड्यांना न्हाई. त्यांना ठावं नसलं तरी ते सांगत्यात.

खालची वळ तुझ्या बापाला दाव.

आकाराम, पोरीला एकटीला जाऊ दे. काय इपरीत झालं तर मला येऊन बोल.

आठवण धरणारी तुझी,
हरणाआत्या

&nbsp;

पोफळी,
८ डिसेंबर २०२३

तीर्थरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या, पोचले! पायांना तीन फोड आणि नाकाचं सालपट निघालंय, बाकी सगळी शाबूत आहे. पण आधी तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही लिहिलंत नऊ मुक्काम. मी नऊ दिवसांची रजा काढली, नऊ दिवसांच्या दशम्या, चटण्या, कपडे पाठीवर घेतले आणि पहिल्या दिवशी त्या ओझ्याने वाकून गेले. आणि चौथ्याच दिवशी, काल संध्याकाळी, बघते तर पाटी पोफळीची!

घरी फोन केला तर आईला पटेना. खरं सांग, कुठल्या गाडीत बसलीस, असं तिने तीनदा विचारलं. मग अण्णांनी तुमचं पत्र पहिल्यांदाच वरपासून वाचलं आणि हसून हसून खाली बसले. म्हणाले, अगं येडे, अक्काचे मुक्काम मेंढरांचे असत्यात, चरत-चरत, कोकरं संभाळत, दिसाला दोन-तीन कोस. माणसाच्या पायाचा हिशेब तिला कुठला ठावं! धनगराची लेक असून मला ते कळू नये, याची लाज वाटली. आता दशम्या इथल्या पोरांना वाटतेय.

भीतीचं लिहिते, तुम्ही सांगितलंय म्हणून. पाटणच्या पुढे एका फाट्यावर मी चुकले. उसाच्या दोन फडांमधली वाट, ना माणूस ना आवाज. तिथे मला रडू आलं. वीरधवलचा नंबर काढून बोट त्यावर ठेवलं होतं. मग मनात म्हटलं, आधी पाणी पिऊ, मग फोन करू. पाणी पिऊन होईतो घागर घेतलेली एक बाई आली आणि तिने वाट दाखवली. फोन सॅकमध्ये गेला तो घाट उतरेपर्यंत बाहेर निघाला नाही. आत्या, त्यानंतर मी मोठ्याने गाणी म्हणत चालले. मला जमलं! हे लिहिताना आत्ताही हसू येतंय.

रंगूबाईंकडे राहिले. तुमचं नाव काढताच त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, हरणा जित्ती हाय व्हय? तिला म्हणावं, एकडाव ये गं, दोघी म्हाताऱ्या झालो.

वीरधवलची मंडळी माझ्याच दिवशी उंब्रजहून निघालेली. आज दुपारी इथे शिट्टी ऐकू आली तेव्हा माझा दुसरा चहा चालला होता. त्यांचा रोज कुणासाठी ना कुणासाठी खोळंबा. पल्लवी मात्र खूश आहे. तिला चोवीस जणांत हसत-खिदळत चालायला आवडतं, आणि तिचंही खरं आहे. मला हे आवडलं, एवढंच.

आजचा धरून पाच दिवस रजा शिल्लक आहे. फोड बसले की घाट चढून परत चालत येते.

तुमच्या एका वळीमुळे इथवर आलेली,
माया

&nbsp;

हेळवाक,
२० डिसेंबर २०२३

चि. मायास अनेक आशीर्वाद वि. वि.

वर गावाचं नाव बघून डोळं मोठं करू नको. बरोबर वाचलंस.

तुझं पत्र आलं त्या दिसापास्नं भाकरी गोड लागंना. सोमवारी ज्ञानू आन सून डाळिंबाच्या छाटणीला गेली, तवा चिठ्ठी लिहून चुलीपाशी ठेवली आन यष्टीत बसले. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलेलं, मला ऐकू येत न्हाई, कराडला उतरवा. कंडक्टरनं उतरवलं. तिथं दुसरा कागद, हेळवाक. कराडच्या स्टँडवर भ्या वाटलं, खोटं न्हाई सांगत. तुझ्यागत आधी पाणी पिले. मग कागद घट्ट धरून गाडीत चढले. रंगूबाईनं दारात तोंडावरनं हात फिरवून वळखलं आन दोघी लय रडलो. तिला दिसत न्हाई, मला ऐकू येत न्हाई, झ्याक चाललंय.

ज्ञानूला तू फोन कर. म्हणावं, आई रुसून गेली न्हाई, फिराय गेली हाय. न्यायला येऊ नको. मी आपली आपण येईन. आन हितनं म्होरं सिद्धनाथालाबी मी एकटीच जाणार.

तू मला एकटं का मेळ्यानं इचारलं व्हतंस. मेळ्याला मी नावं ठेवणार न्हाई. त्यानं पोट भरलं, बाळंतपणात जपलं, वाघरापास्नं राखलं. पण तीस वर्सं साठ खेपा त्या घाटातनं केल्या, घोड्याचा लगाम एका हाती, लेकरू दुसऱ्या हाती, नजर मेंढरांच्या पायावर. घाट कवा बघितलाच न्हाई.

काल सकाळी गाडीनं माथ्यावर गेले, एकटी. दगडावर बसले. खाली कोकण एवढं मोठं हाय, मला ठावं नव्हतं गं. दुपार कलेपतोर बसले. कुणी ऊठ म्हणालं न्हाई.

तुझी,
हरणा