दादीच्या देशाकडून

७८६
बुसैतीन, बहरीन
१२ ऑक्टोबर १९९५

प्रिय जुबैदाआपास,
धाकट्या रहिमतुल्लाचा सलाम. मी, हिना आणि नावेद इथे खुशाल. तुझी आणि अम्माची खुशाली दर नमाजात मागतो.

आपा, खबर मोठी आहे, बसून वाच. आमच्या क्लबला नवा कोच आला आहे, टेरी प्रॉबर्ट, वेल्सचा. वेल्स म्हणजे विलायतेच्या कुशीतला छोटा देश, पण त्याची फुटबॉलची टीम वेगळी. मी स्टोअरकीपर, बूट-जर्स्या माझ्या ताब्यात, म्हणून तो रोज माझ्या खोलीत चहाला टेकतो आणि बोलत सुटतो. सोळाव्या वर्षी तिसऱ्या डिव्हिजनचा क्लब, पुढे चार वर्षं पहिल्या डिव्हिजनमध्ये, कायम मधल्या फळीत. गोल दुसऱ्यांनी मारायचे, धावायचं याने. आता गंमत ऐक. हा जन्मला इंग्लंडात, आईबाप इंग्लंडचे. फक्त आजी वेल्सची, कुठल्या दगडखाणीच्या गावातली. तेवढ्यावर त्याला देशाची जर्सी मिळाली आणि गुडघा जाईपर्यंत तो अकरा मॅच खेळला.

आपला नावेद त्याच जागेवर खेळतो. कोच म्हणतो, पोरगा बहरीनच्या टीमला शोभेल. पण आपण पडलो परदेशी, इथल्या तोंडी ‘हिंदी’, म्हणजे हिंदुस्तानचे. क्लबात परदेशी खेळाडूंच्या जागा बाहेरून आणलेल्यांना जातात. पुढच्या उन्हाळ्यात तर वय उलटेल आणि नावेदला माझ्या व्हिसावर राहताही येणार नाही. मग गाव, आणि ते त्याने जन्मात दोनदा पाहिलंय. पण आपा, आपली अम्मा मुहर्रकची ना? म्हणजे नावेदची दादी इथलीच! तिच्या भावाचं घर अजून आहे, मी बाहेरून पाहून आलो. अम्माला विमानाने आणतो. भावाने तिला ओळखलं की नावेदच्या इथल्या पासपोर्टचं काम झालंच समज.

अम्माच्या पायांना हात लावून सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रहिमतुल्ला

---

बाणकोट
५ नोव्हेंबर १९९५

रहिमतुल्लास जुबैदाचा सलाम आणि पोटभर दुवा,

पत्र बसूनच वाचलं. उभ्याने वाचलं असतं तर तशीच चालत येऊन तुझा कान धरला असता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही तुझी खोड पन्नाशीतही गेली नाही.

अम्माचं तू विसरलास काय? मोत्यांचा धंदा बुडाला, घरात खायला उरलं नाही, तेव्हा तिच्या बापाने लाकूड घेऊन आलेल्या कोकणी तांडेलाशी, आपल्या बावांशी, तिचा निकाह लावला आणि पंधरा वर्षांच्या पोरीला बावांच्या गलबतात बसवून दिलं. बावा चांगले निघाले, तो तिचा नशिबाचा भाग. या गावाने तिला साठ वर्षं अरबीण म्हटलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ज्यांनी मला गलबतात बसवलं त्यांचं दार मी ठोठावणार नाही. मग निवडलेलेच तांदूळ परत निवडत बसली.

आणखी एक विचारते. हे आजीचं गणित बहरीनला चालतं, असं कुठल्या कचेरीत विचारलंस का? की वेल्सवाल्याचा कायदा आपल्याच चहात ढवळून प्यायलास?

हिनाला सलाम. नावेदला सांग, या फुपूला इंग्रजीत का होईना, दोन ओळी लिही. राग मानू नकोस.
जुबैदा

---

बुसैतीन
८ जानेवारी १९९६

प्रिय आपास रहिमतुल्लाचा सलाम,

कचेरीत विचारलं नाही, खोटं कशाला बोलू. कारकून आधीच नाही म्हणाला तर पुढे जायचं कोणत्या तोंडाने? समोर म्हातारी उभी असली की नाही म्हणणं जड जातं. कोचला विचारलं. तो म्हणाला, माझ्या देशात असं आहे, इथलं मला ठाऊक नाही. पण फुटबॉल सगळीकडे एकच ना?

त्याच्या आजीचं विचारलं तर त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला की तिचं मयत होतं त्या दिवशी तो तिच्याच देशाकडून खेळत होता. मॅनेजरने थांब म्हटलं, हा थांबला, आणि चार गोलांनी हरले. इंग्लंडात त्याला वेल्सवाला म्हणून चिडवायचे, वेल्सच्या ड्रेसिंग रूममध्ये इंग्रज म्हणून. राष्ट्रगीताला नुसते ओठ हलवायचा. हे सांगताना तो हसत होता, पण मला हसू आलं नाही.

नावेद धड जेवत नाही. मी गावाचं नाव काढलं तर इंग्रजीत म्हणाला, तिथे माझं कोण आहे? हिना तिकडे भांड्यांवर रडत होती. आपा, मला भीती वाटते. अम्माला सांग, माझ्यासाठी नको, त्या पोरासाठी ये.

दुवेत आठवण ठेव.
रहिमतुल्ला

---

बाणकोट
२४ फेब्रुवारी १९९६

रहिमतुल्लास जुबैदाचा सलाम,

ईद झाली. शीरखुर्मा तुझ्या वाट्याचाही मीच खाल्ला.

अम्मा यायला तयार आहे. मी समजावलं नाही, माझा जीवच होत नव्हता. ईदच्या नमाजाची माणसं घरी येऊन गेली तशी तिने आपणहून विषय काढला. म्हणाली, मला बसवलं तसं या पोराला कोणी बसवून द्यायला नको. मग माझ्याकडून ट्रंक काढून घेतली. अरबी आठवतं का विचारलं तर नाही म्हणाली, पण परवा पाट्यावर वाटताना काही गुणगुणत होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

सुकट आणि कोकमं बरोबर देते. तिला जड जिना चढवू नकोस. आणि भावा, जशी नेतोस तशी परत आण. एवढंच मागणं.
जुबैदा

---

बुसैतीन
२ मे १९९६

प्रिय आपास रहिमतुल्लाचा सलाम,

अम्मा सुखरूप आहे. बाकीचं सांगतो, रागावू नकोस.

लतीफमामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला बंदरावर सोडलं तेव्हा सहा वर्षांचे. दार त्यांनीच उघडलं. अम्माला अरबी शब्द सापडेना. शेवटी तिने त्यांच्या भुवईवरच्या व्रणावर बोट ठेवलं. तिच्याच कडेवरून पडले होते म्हणे. मामा लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून ती त्यांच्याकडेच राहते.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः कचेरीत आले. साहेब भला माणूस, अम्माला खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि म्हणाला की इथे देश बापाकडून मिळतो. पोराचा बाप कुठला, बापाचा बाप कुठला, एवढंच बघतात. दादी इथली असून उपयोग नाही. खलास. अम्माने मला विचारलं, काय म्हणतो तो? तिला सगळं समजलं होतं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी खाली वाकून तिच्या चपला सरळ केल्या.

तिने साठ वर्षांचा हट्ट माझ्या शब्दावर सोडला, आपा. तू विचारलं होतंस ते मी आधी विचारलं असतं तर? मला माझीच शरम वाटते. आता तिचा व्हिजिट व्हिसा तेवढा आहे. जन्मली त्या गावात तेवढेच दिवस राहायची परवानगी.

कोच म्हणतो, कतारच्या एका क्लबची माणसं या महिन्यात नावेदला बघायला येतील, ते व्हिसा देतात. इंशाल्ला.
रहिमतुल्ला

---

बुसैतीन
३० मे १९९६

आपा,

तार मिळालीच असेल. मंगळवारी अम्मा जेवून लतीफमामांच्या घरी आडवी झाली ती उठलीच नाही. तुला तिचं तोंड बघता आलं नाही, याची माफी कोणाकडे मागू?

संध्याकाळी निरोप आला तेव्हा नावेद मैदानावर होता आणि कतारची माणसं खुर्च्यांवर. मी निरोप कोचच्या कानात सांगितला आणि म्हटलं, मॅच संपू दे. त्याने ऐकलं नाही. नावेदला तिथल्या तिथे बाहेर काढलं. पोरगा ओरडला, पाणी फेकलं. कोचने त्याला स्वतःच्या गाडीत घालून मामांच्या दारात आणलं. कतारवाले मध्येच उठून गेले, पुन्हा आले नाहीत. कोचने बरं केलं की वाईट, मला कळत नाही. कबरस्तानाच्या दाराबाहेर तो टोपी हातात धरून शेवटपर्यंत उभा होता. नावेदने खांदा दिला.

मुहर्रकच्या मातीत अम्माला जागा देताना कोणी कुठला कागद विचारला नाही.

नावेदचं ऑगस्टचं तिकीट काढलं आहे. मला विमानतळावर जावंसं वाटत नाही, पण जाईन. त्याला सांभाळ.
रहिमतुल्ला

---

बाणकोट
१५ सप्टेंबर १९९६

रहिमतुल्लास जुबैदाचा सलाम,

नावेद पोचला, तब्येत ठीक आहे. अम्माच्या खाटेवर झोपतो. मासळी खातो, काटे काढून मी देते. संध्याकाळी पुळणीवर पोरांत खेळतो. ती सगळी चेंडूमागे एकदम धावतात, हा मध्ये एकटा उभा राहून कोणी पास देईल म्हणून बघत असतो.

गावाने त्याला अरब म्हणायला सुरुवात केली आहे. पहिल्यांदा ती हाक कानावर आली तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. भाकरी करपली.

काल अंगणात पाय धूत असताना त्याने मला विचारलं, पहिल्यांदाच मराठीत, की दादीला इथे काय म्हणायचे. मी सांगितलं. मग मीच विचारलं, पोरा, राग येतो का? तो म्हणाला, नाही फुपू. तिकडे सगळे हिंदी म्हणायचे.

हिनाला जप. अम्माच्या कबरीवर माझ्या नावाने फातिहा पढ. आणि त्या वेल्सवाल्याला माझा सलाम सांग.
तुझी,
जुबैदा

ता. क. बूट फाटले आहेत. इकडे त्याच्या मापाचे मिळत नाहीत, कोणी येणारं असेल तर पाठव.