आवाज येतोय ना?

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या घशातली गाठ साधी नाही, स्वरयंत्रच काढावं लागणार, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, तरी ते तेच राहिलं. बसस्थानकावर जन्मभर गाड्या पुकारलेल्या माणसाचा आवाज जायचा, काय म्हणावं या नशिबाला! जीव वाचतोय यातच सगळं आलं हे कळतं, पण मन मानत नाही.

म्हणून एक काम सांगते, नाही म्हणू नकोस. आई गेली तेव्हा फोटो ढीगभर निघाले, पण तिचा आवाज कुठेच नव्हता. तसं पुन्हा व्हायला नको. तू छापखान्यातल्या मित्राचा टेपरेकॉर्डर मागून आणतो म्हणतोस. तो नको. मला बाबा बोलताना दिसलेही पाहिजेत, भुवया उडवताना, मध्येच चष्मा पुसताना. एखादा जुना, वापरलेला व्हिडिओ कॅमेरा बघ. पैसे मी पाठवते.

आणि त्यांना ती घोषणा करायला लाव. मी मैदानावर खेळत असले की फाटकात उभे राहून, तोंडाशी हात धरून ते पुकारायचे की प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मैदानावरून सुटलेली ठकू थोड्याच वेळात घराच्या फलाटावर येत आहे, तिने आल्याबरोबर हात धुऊन घ्यावेत. मैत्रिणी खिदळायच्या आणि मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. आता मला तेवढंच ऐकायचंय.

शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्यात. मुख्याध्यापिकाच रजेवर गेली तर कसं व्हायचं? ऑपरेशनला मी नसणार याची टोचणी आहेच.

हट्टी बहिणीवरचा लोभ आहे तसाच ठेव.
तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकूम बजावला. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओवाल्याकडे कॅमेरा मिळाला. त्याने नवा घेतलाय, हा कपाटात धूळ खात होता. वजन एवढं की खांद्यावर झोपलेलं मूल घेतल्यासारखं वाटतं. पट्टा तुटला होता, तो मी पुस्तकबांधणीच्या दोऱ्याने शिवला. टीव्हीला जोडायची वायर मात्र त्याला सापडेना, शोधून देतो म्हणालाय. तोवर डोळा लावायच्या भोकातून दिसेल तेवढंच बघायचं. पण चित्र झकास आहे.

रविवारी बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि वर म्हणतात कसे, की माझं काय शूटिंग करायचंय, मी काय नवरदेव आहे? मग लाल दिवा लागला आणि गडी जो सुटला! कामाच्या पहिल्याच दिवशी चुकीची गाडी पुकारून अर्धं स्थानक भलत्याच गावाला कसं पाठवलं, आईला त्यांचा आवाज आधी कसा आवडला आणि चेहरा बऱ्याच उशिरा, सगळं सांगितलं. घसा पार बसलेला, मध्येच पाण्याचा घोट घ्यायचे, पण थांबायचं नाव नाही. शेवटी उभं राहून तुझी घोषणाही केली. मला हसू आवरेना, त्यामुळे तिथे चित्र जरा हललं असेल.

एक गंमत राहिलीच. सुरुवातीला त्यांनी कॅमेऱ्यावर टिचकी मारली आणि विचारलं की आवाज येतोय ना, एकदा तपासून बघ. माईक दिसला की हे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी म्हटलं की बाबा, हे तुमचं बसस्थानक नव्हे, यात सगळं आपोआप होतं. मग गप्प बसले.

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. आदल्या दिवशी फोन कर. फोनवर ‘बरं, ठेवतो’ याच्यापुढे त्यांची गाडी जात नाही, तरी कर.

परीक्षांच्या गठ्ठ्यात आम्हांला विसरू नये, ही विनंती.
तुझा धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आत्ताच फोन ठेवला. बाबा आज चक्क बोलत होते! शेजारच्यांची मांजर, तुझा आळस, खिडकीची बिघडलेली कडी, कशाचा कशाला पत्ता नाही. मला पालकांची सभा होती, शिपाई सारखा दारात डोकावत होता. शेवटी मीच म्हटलं की बाबा, आता घशाला आराम द्या, बाकीचं मी टेपवर ऐकीन. ते म्हणाले की बरं, ठेवतो.

हे पत्र पोचेल तेव्हा ऑपरेशन झालेलं असेल, त्यांच्या उशाशी बस. टेप लवकर पाठव, मी इथे व्हिडिओची सोय करून ठेवलीय.

बाबांची काळजी घे, स्वतःचीही घे.
तुझी ताई


११ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा घरी आले हे तुला फोनवर कळवलंच. जखम भरतेय, चमच्याने पातळ खातात. बाकीचं फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितोय.

काल वायर मिळाली. बाबांना समोर बसवलं आणि टेप लावली. चित्र स्वच्छ आलं. खिडकीतलं ऊन, त्यांच्या भुवया, हातातला पेला, सगळं. आवाज नाही. टीव्हीचा आवाज वाढवून बघितला, वायर काढून पुन्हा घातली, दुसऱ्या टीव्हीवर लावून झालं. मग स्टुडिओवाल्याकडे धावलो. तो म्हणाला की लग्नांत तो नेहमी वेगळा माईक जोडायचा, त्यामुळे कॅमेऱ्यातला माईक कधी बिघडला हे त्यालाच ठाऊक नव्हतं. भला माणूस आहे, पैसे परत द्यायला निघाला. ते घेऊन मी काय करू?

ताई, त्यांनी मला विचारलं होतं. टिचकी मारून विचारलं होतं. आणि मी त्यांचीच चेष्टा केली. साधा टेपरेकॉर्डर आणला असता, तरी आज सगळं हातात असतं.

बाबांनी पूर्ण तासभर बसून ती मुकी टेप बघितली. मग पाटीवर लिहिलं की चित्र छान आलंय, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

रागाव, पण पत्र लिही.
तुझा धाकटा


२४ मार्च

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू धाकट्याला लिहिलेलं पत्र त्याने मला दाखवलं. टेपरेकॉर्डर नको म्हणाले ती मीच, असं तू लिहितेस. तो म्हणतो, चूक त्याची. माझ्या वाट्याला काहीतरी ठेवा. एवढी वर्षं माईकसमोर काढली आणि पोराने दटावल्यावर गप्प बसलो, ही माझी चूक नाही काय?

टेप पाठवत आहे. सोबतचे कागदही नीट ठेव. रोज सकाळी टेप लावून, थांबवून थांबवून, मी काय बोललो ते उतरवून काढलं आहे. स्वतःच्या ओठांवरून स्वतःचं बोलणं ओळखायचं, हा धंदा या वयात शिकलो. बहुतेक जमलं. एका ठिकाणी मात्र मी पोट धरून हसतो आहे, आणि कशाला ते काही केल्या आठवत नाही. धाकट्यालाही नाही. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

त्या दिवशी फोनवर मला काय सांगायचं होतं, असं तू विचारलं आहेस. सांगायचं काहीच नव्हतं. मी बोलत राहिलो की तू मध्ये मध्ये हो बाबा, हो बाबा म्हणतेस, ते ऐकत होतो. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. सभा महत्त्वाची होती.

धाकट्याला एक शब्दही बोलायचा नाही. तो नीट जेवत नाही, आणि माझा ओरडा आता चालत नाही.

परीक्षा आटपल्या की ये. फाटक उघडंच आहे.
तुझे बाबा


६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टेप आणि कागद पोचले. कागद मांडीवर घेऊन, बोट ठेवत ठेवत टेप बघितली. चुकीच्या गाडीपाशी हसले, आईपाशी रडले. कोरी जागा आली तेव्हा तुम्ही हसत होतात आणि मी नुसती बघत होते. बाबा, तुम्ही लावून घेऊ नकोस म्हणता, पण ती सभा काय झाली हेही मला आठवत नाही. तुम्ही बोलत होतात आणि मी फोन ठेवायला लावला, हे मात्र मरेपर्यंत आठवेल.

शेवटी तुम्ही उभे राहिलात आणि तोंडाशी हात धरलात. तिथे मी कागद बाजूला ठेवला. ओठ हलले. आवाज आला तो माझ्या आठवणीतला, आणि तो हळूहळू पुसट होत जाणार याची आत्तापासूनच भीती वाटते.

परीक्षा शनिवारी संपतात, रविवारी पोचते. तुम्ही फाटकात उभे राहा. नुसता तोंडाशी हात धरा, बाकीचं मला पाठ आहे.

टेप संपली, टीव्हीवर मुंग्या आल्या. मी उठले, न्हाणीघरात गेले आणि हात धुऊन आले.

तुमच्या फलाटाकडे निघालेली,
ठकू