डावी बाजू मंदाकडे

३ फेब्रु.
मंचरला मोकळा ट्रक घेऊन गेलो. येताना डोळ्यांच्या दवाखान्यात शिरलो, नुसता चष्मा बदलायचा म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मशीनमध्ये डोकं घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. डावीकडे एकही चमकला नाही. म्हटलं, मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय. त्या हसल्या नाहीत.
काचबिंदू. समोरचं आहे तेवढं थेंब घालून टिकेल. डावीकडचं गेलं ते गेलं. "काय करता तुम्ही?" म्हणाल्या. मी ठोकून दिलं, शेती.

४ फेब्रु.
लायसन २० मार्चला संपतंय. सव्वीस वर्षं हेवी चालवतोय, एक डाग नाही. शेती म्हणे! जमीन सगळी भावाकडे. स्टेअरिंग सोडून मला येतं काय?
मंदाला सांगितलं. बायकोपासून किती दिवस लपवणार. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "म्हनून मागल्या म्हयन्यात फाटकाचा खांब पाडला व्हय तुमी?"
हो. म्हणूनच. त्या दिवशी मी खांबाला शिव्या दिल्या होत्या.

१८ फेब्रु.
चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो. आज तो घेतला. मंचरला नाही गेलो, दुसरीकडे गेलो. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. रंग ओळखले. डॉक्टर खूश. "नजर एक नंबर आहे की. बाकी काही त्रास?"
"नाही."
शिक्का बसला. त्यांची काही चूक नाही. माझ्या सहीच्या कागदावरही हाच प्रश्न आहे, तिथेही 'नाही'.

६ मार्च
मोबाइलवर मेसेज. लायसन पुढच्या पाच वर्षांसाठी चालू. शेठनी (गाडीचे मालक, आजोबा राजस्थानातून आलेले, पण मराठी माझ्याहून साफ) पेढा आणून हातावर ठेवला. "भाऊ, तुमच्याशिवाय ही गाडी मी कोणाच्या हातात दिली असती?" पेढा तसाच खिशात टाकला.

८ मार्च
शेठनी क्लीनर ठेवणं केव्हाच बंद केलंय. मंदा म्हणाली, मी बसते. आजपासून डावी बाजू मंदाकडे. विचारणाऱ्यांना सांगायचं, घरी करमत नाही तिला.
आळेफाट्यावर चहावाला म्हणतो, "काय राव, वहिनींना फिरायला न्हेताय का काय?" मी हसलो. मंदाने पदर तोंडाला लावला. लई वाईट वाटलं मला तिचं. आयुष्यात कधी हौसेने फिरवली नाही, आणि आता हे.

१५ मार्च
चांगलं चाललंय. डोळ्यात तेल घालून बघते. "सायकल... म्हातारी... गाय हाय, थांबा... मोकळं." आज खोडदच्या रेडिओ दुर्बिणींजवळून जाताना म्हणाली, "अवं, आज त्या छत्र्यांची तोंडं पार वर हायेत." सवयीने म्हटलं, हो. मग पूर्ण मान वळवली तेव्हा दिसल्या. एवढ्या अवाढव्य, आणि मला पत्ता नाही.
खरं सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाईंनी गाडी सोडा म्हटलं असतं. म्हणूनच शेती सांगितली मी.

२३ मार्च
निमगाव सावाहून कांदा भरला. दुपारची वेळ. रस्ता चिंचोळा, समोरून एसटी आली. डावीकडे दाबावी लागणार. ओरडून विचारलं, "घेऊ का?"
मंदा म्हणाली, "जाऊ द्या!"
सव्वीस वर्षं ऐकत आलोय. क्लीनर 'जाऊ द्या' म्हणाला म्हणजे मोकळं आहे, दाब. दाबली.
तिला म्हणायचं होतं, त्याला जाऊ द्या.
मोटारसायकल होती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. बंपर आणि बांध यांच्यामध्ये...
लिहवत नाही.

२४ मार्च
त्याचं नाव सुदाम. डेअरीला दूध घालतो. पाय गुडघ्याखाली काढला.
हवालदारांनी लायसन पाहिलं, दाखला पाहिला. "तुमचे कागद क्लिअर हायेत. जड गाडी बघून बी डाव्या अंगानं घुसत्यात ही लोकं. तसंच झालं असंल."
घरी आल्यावर मंदा म्हणाली, "त्यो घुसला न्हाई. मगापासून आपल्या म्होरंच व्हता." कालपासून जेवलेली नाही.

२७ मार्च
दवाखान्यात गेलो. जाऊ नये असं शेठ म्हणत होते. सुदामने माझाच हात धरला. "पावणं, मला तर काय बी आठवत न्हाई. हवालदार म्हनत्यात मीच घुसलो. माझ्यापायी तुमच्या लायसनला डाग नगं. माफी करा."
मी म्हणालो, असू दे.
असू दे! जीभ झडली का नाही माझी? त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती, जिथे चादर सपाट होती तिथे. तिने मला पाणी दिलं. मी प्यायलो.

२८ मार्च
उद्या जबाब. मंदा म्हणते, "मी सांगते, माझ्या बोलन्यानं झालं. अडानी बाई म्हनून सोडून देतील." म्हटलं, मग विचारतील, बाई डावीकडे बघायला कशाला बसवली होती? ती म्हणाली, "पन तुमी सांगितलं तर गाडी हातची जाईल."
सुदाम माझी चूक अंगावर घेतोय, मंदा घेतेय. घ्यायला तयार नाही तो मीच.

२९ मार्च
पोलीस ठाणं, बाकावर. हवालदारांनी जबाब लिहूनच ठेवला होता. वाचून दाखवला: 'मोटारसायकल अचानक डाव्या बाजूने आली.' खाली सही.
पेन घेतलं. मग म्हटलं, साहेब, 'अचानक' एवढं खोडा.
"का? तुमच्याच सोयीचं लिवलंय." मग माझ्याकडे नीट बघून, "बरं, मंग तुमाला ती दिसली तरी कधी?"
गाडीतून खाली उतरल्यावर. हे खरं उत्तर. ओठावर आलंय. हवालदारांना मोठ्या साहेबांनी आत बोलावलंय, तेवढ्यात हे लिहितोय. कागद समोर आहे, सहीची जागा कोरी. मंदाला बाहेर थांबवलंय. ते येतायत.