गाण्यात मी केलेल्या दुरुस्त्या

तीर्थरूप दादास, धाकटीचा नमस्कार वाचावा आणि वहिनीलाही वाचून दाखवावा. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीने गोड सोडलं का, की तिच्या वाटणीचं तूच संपवतोस? (मग दोघांचीही साखर वाढणार, आधीच सांगून ठेवते.) मी ठणठणीत आहे.

पत्रास कारण, माझ्यावर गाणं झालं आहे. हसू नकोस. लेकीने आपल्या रॉक बँडसाठी लिहिलंय, मी रस्त्यावर काढलेल्या तीन वर्षांवर. (तेव्हा ती जन्मलीही नव्हती, पण लिहिणाऱ्यांना त्याचं काय.) परवा तालमीला गेले. तालीम म्हणजे एका गॅरेजमध्ये चौघं जणं आणि भिंत हलेल एवढा आवाज. ड्रमवाला स्वभावाने फार गरीब, हात मात्र तसे नाहीत. गाण्यातली बाई पहिल्या कडव्यात कुडकुडते, दुसऱ्यात रडते, तिसऱ्यात हात पसरते. मला वाटलं, कोण बिचारी असेल. ती मीच निघाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दादा, कुडकुडले हे कबूल, रडले हेही थोडं कबूल, पण हात मी कुणापुढे पसरला नाही. त्या हातात झाडू होता. बस स्टँडवर नुसत्या बसलेल्या बाईला पहारेकरी हाकलतो आणि झाडणाऱ्या बाईला बघून लोक उलट पाय वर घेतात, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. कुणीतरी टाकलेला झिजका झाडू उचलला आणि पहिल्या फलाटापासून झाडत सुटले. तीन वर्षं झाडलं. (झोपायला तिथलाच बाक, आणि उपाहारगृहाच्या पायऱ्या धुतल्या की मालकीणबाई जेवू घालायची.) मला कामावर कुणी ठेवलंच नव्हतं. शेवटी नवा मुकादम आला आणि गणवेश घातला नाही म्हणून त्याने सगळ्यांदेखत मला फैलावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं, गणवेश घेतला, सही केली. नोकरी लागली ती अशी, बोलणी खाऊन. आज त्या मुकादमाच्याच खुर्चीत मी बसते आणि बावीस जणी माझ्या हाताखाली आहेत.

हे सगळं मी गॅरेजमध्ये ऐकवलं. लेक म्हणाली, "आई, लोकांना रडणारी बाई आवडते."

"मग लोकांना म्हणावं, दुसरी बघा," मी म्हटलं.

तिने तिसरं कडवं खोडून झाडूचं लिहिलं. ड्रमवाल्याला झाडण्याचा ठेका जमेना, तेव्हा मीच झाडून दाखवलं (गॅरेजही त्यानिमित्ताने स्वच्छ झालं). खोटं कशाला बोलू, आता ते गाणं ऐकताना मला माझाच अभिमान वाटतो.

तुझी धाकटी

ता. क. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला. पहिल्या रांगेत तुम्हा दोघांच्या खुर्च्या धरल्या आहेत. कानात घालायला कापूस आणा.

आणखी ता. क. चौथं कडवं सांगायचं राहिलंच. त्यात एक भाऊ दाराआडून म्हणतो, घरात जागा नाही. त्या कडव्यात मला एकही चूक सापडली नाही. तरी मी ते काढायला सांगितलं. लेक ऐकेना, म्हणाली, हेच तर खरं आहे. मी म्हटलं, खरं असलं तरी तो माझा दादा आहे. शेवटी तडजोड झाली. तू समोर दिसलास तर ती तीनच कडवी म्हणेल, खुर्ची रिकामी दिसली तर चारही. तेव्हा ये, दादा. ते कडवं मला पुन्हा ऐकायचं नाही.