लायसिनचा गुण

पुंडलिकनगर, छ. संभाजीनगर
११ नोव्हेंबर २०२४

ती. सुलेखाताईस, उमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, कारण विषय आमच्या स्वरालीचा आहे. पाहुणे यायचे ठरले की पोरीचा ओठ उतलाच म्हणून समज. काल तिसरं स्थळ आलं. मुलाची आई चिवडा खाता खाता सारखी तिच्या ओठावरचे फोड बघत होती. झालं, पुढे निरोप नाही. औषधाच्या दुकानातून लायसिनच्या गोळ्यांचा डबा आणलाय. ओठ, हाडं, केस, प्रतिकारशक्ती, सगळ्यांवर गुणकारी. नवरा मिळतो एवढंच छापायचं राहिलंय. यांनी केसांसाठी दोन गोळ्या खाऊनही टाकल्या. तू इतकी वर्षं मेडिकल चालवलंस. देऊ का तिला?

लोभ आहे तसाच ठेव, रागावणं मात्र कमी कर.
तुझी उमा

परभणी
१७ नोव्हेंबर

चि. सौ. उमास अ. आ.

लायसिन म्हणजे प्रथिनातलाच एक घटक, आपल्या वरणातही असतो. ओठ उतण्यावर कुणाला गुण येतो, कुणाला नाही. छातीठोकपणे कुणी सांगत नाही. द्यायच्याच तर डॉक्टरांना विचारून दे. श्रीधररावांना म्हणावं, टकलावर उपयोग असता तर आधी आमच्या ह्यांचं डोकं भरलं असतं. आणि उमे, तुझ्या लग्नाच्या फोटोंत तू तोंडावर रुमाल धरलायस तो लाजेनं नव्हे, हे मला ठाऊक आहे. लग्न करायचंय का, हे स्वरालीला विचारलंस?

आशीर्वाद आहेतच, उत्तरही हवं.
सुलेखाताई

पुंडलिकनगर
२ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

गुण आला! डॉक्टर हो म्हणाले. रोज सकाळी मी स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवते. ओठ स्वच्छ, पोरगी गुणगुणते, भात मागून घेते. शेजारच्या रूपालीनंही मुलीसाठी डबा आणला. पंधरा तारखेला नाशिकचे पाहुणे येतायत. तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, जिचा ओठ बरा झाला तिला आणखी काय विचारायचं?

माया असू दे.
उमा

पुंडलिकनगर
४ डिसेंबर

ती. मावशीस, सा. न.

आईच्या गोळ्या मी जास्वंदीच्या कुंडीत टाकते. जास्वंदीलाही काही फरक नाही. ओठ बरा झाला तो कंपनीनं बंगळुरूला बदली दिली म्हणून. सोळा तारखेला निघायचंय. मला आत्ता लग्न नको आहे. आईला सांगायला गेले की ओठ चुरचुरायला लागतो. तू लिहिशील?

तुझी लाडकी (असेन तर),
स्वराली

पुंडलिकनगर
१७ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं कार्ड आलं. त्यावर एकच शब्द: विचारलंस? मग विचारलं, तिच्या डोक्याला तेल लावताना. आधी ती रडली, मग मी. नाशिकच्या पाहुण्यांना मीच फोन करून नको म्हटलं. काल तिला चिकलठाण्याच्या विमानतळावर सोडून आलो. रूपाली विचारत होती, गोळ्या किती दिवस द्यायच्या. म्हटलं, आधी मुलीला विचार.

आज सकाळी उठले तर माझाच ओठ उतलेला. यांनी तत्परतेनं डबा पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, वरण आहे की. सवयीनं तिघांचं लावलं होतं. दोघांना सरेना.

लोभ आता दोन ठिकाणी पाठवत जा, एक पत्ता बंगळुरूचा.
तुझी उमा