किटलीच्या टोप्या, चार तासांची हमी

२ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. ऑफिसने घरी बसवलं त्याला आठ महिने झाले. वाईट वाटत नाही. खरं तर काहीच वाटत नाही. उद्योजकाला हे बरंच.
धंदा ठरला. ही किटलीच्या टोप्या शिवते. आत कापूस, बाहेर फुलाफुलांचं कापड, तोटीला आणि कानाला भोकं. किटलीवर घातली की चहा गरम राहतो. आपल्याकडे खप नाही, कारण चहा झाला की आपण पिऊन मोकळे. परदेशात लोक किटली घेऊन तासन्‌तास बसतात. नुसतं ऑनलाइन टाकायचा अवकाश.
मुलीने वेबसाइटवर दुकान उघडून दिलं. चहा किती वेळ गरम राहतो, असा एक रकाना होता. चार तास लिहिलं. घरात किटली नाही, त्यामुळे अंदाजाने.

४ जानेवारी
भिंतीवर जगाचा नकाशा लावला. जिथून ऑर्डर, तिथे टाचणी. हिच्या शिवणाच्या डब्यातून लाल डोक्याच्या चाळीस टाचण्या घेतल्या. म्हणाली, मला लागतात. म्हटलं, जग मोठं आहे.

७ जानेवारी
मेव्हणा आला होता. त्याच्या रंगाच्या दुकानात माणूस हवाय. माझ्याकडे बघत म्हणाला. मी म्हटलं, बघू, विचार करून कळवतो. त्याने चहा संपवला आणि गेला. आपल्यात हे बरं असतं. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही आणि ज्याला कळायचं त्याला कळतं.

१५ जानेवारी
पहिली ऑर्डर! नकाशात अगदी वर, बर्फाळ देशातून. टाचणी एक.
परदेशी माणूस आपुलकीचा भुकेला असतो. पार्सलमध्ये स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी घातली. तब्येत कशी आहे, घरी कोण कोण असतं, लग्न झालंय का, नसेल तर का नाही.

२९ जानेवारी
दुसरी ऑर्डर, दुसरा देश. टाचणी दोन. बाकीच्या अडतीस बशीत राखीव. चिठ्ठी तीच.

३ फेब्रुवारी
बर्फाळ देशाचा रिव्ह्यू. पाच स्टार. सोबत फोटो. दाढीवाला गृहस्थ, आमची टोपी डोक्यावर, तोटीच्या भोकातून एक कान बाहेर. लिहिलंय, उबदार आहे, फक्त दुसऱ्या कानाला जरा जाच होतो. चिठ्ठीचंही उत्तर दिलंय. लग्न झालं होतं, आता नाही.
मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. हीसुद्धा हसली. मी वेबसाइटवरच्या लिस्टिंगमध्ये 'माणसांनाही चालते' असं घातलं.

११ फेब्रुवारी
दुसऱ्या ऑर्डरवाल्या बाईंनी टोपी परत पाठवली. एक स्टार. माझ्या लग्नाची चौकशी करायला तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलंय. ज्याचं करावं भलं, असो. चिठ्ठीतून लग्न काढलं, तब्येत ठेवली. टाचणी काढली नाही. ऑर्डर तर आली होतीच.

१९ फेब्रुवारी
शाळेतून हिला विचारणा. शिवणाच्या बाई निवृत्त होतायत, जागा घेता का? मार्चअखेर कळवायचंय. तिथे बारा मशिनं आहेत आणि मोठी खिडकी, हे तिने मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, आत्ता? धंदा उभा राहत असताना? ती गप्प बसली. म्हणजे पटलं.

२६ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
व्हिडिओ कॉल. पूर्वेकडची बडी कंपनी, शहरोशहरी दुकानं. मी वर कोट, खाली पायजमा. तिकडे पाच जण. मी पाठवलेलं सॅम्पल दोन्ही हातांनी धरून एकमेकांकडे देत होते. पूर्ण वेळ माना डोलावल्या. शेवटी म्हणाले, फारच सुंदर आहे, नीट अभ्यास करून कळवतो. आणि वाकले. मीही वाकलो. कपाळ लॅपटॉपवर आपटलं.
काम फत्ते! नको असतं तर सरळ सांगितलं असतं. परदेशी लोक मनात काही ठेवत नाहीत.
हिला सांगितलं, तीनशे टोप्या लागतील, शिवायला घे आणि शाळेला नाही म्हणून कळव. म्हणाली, बघू.
शहाणी आहे. ऐकते माझं.

१२ मार्च
दोनशे बारा झाल्या. सोफ्यावर टोप्या, कपाटावर टोप्या. मुलगी जमिनीवर बसून अभ्यास करते. हिच्या मनगटाला पट्टा बांधलाय. बशीतल्या राखीव टाचण्या तिने परत नेल्या. मला काही वाटलं नाही.

२२ मार्च
कंपनीला चौथा मेल केला. लगेच उत्तर. आपल्या उत्साहाने आम्ही भारावून गेलो आहोत, अभ्यास चालू आहे, हा ऋतू आपल्याला सुखाचा जावो.
मुलीला वाचून दाखवलं. म्हणाली, बाबा, नाही म्हणतायत ते. तुम्ही मामाला काय म्हणाला होतात?
मी म्हटलं, आपलं वेगळं, ते परदेशी आहेत.
मग बराच वेळ नकाशासमोर बसलो. दोन टाचण्या. एक तर परतच आलेली.

३ एप्रिल, सकाळी ७.३०
हिने कात्री, टेप आणि टाचण्यांचा डबा पिशवीत भरला आणि शाळेत गेली. आज पहिला दिवस. मी म्हटलं, तू नाही म्हणून कळवणार होतीस ना? चपला घालता घालता म्हणाली, बघू म्हणाले होते.

दुपारी १२
शेजारच्या आजींची किटली मागून आणली. ही शाळेतून चारला येणार. आल्या आल्या गरम चहा द्यायचा. केला, किटलीत ओतला, वर टोपी. चार तास बरोबर भरतात.

१२.४५
टोपीखाली हात घालून पाहिला. कोमट. टोपी नीट दाबून बसवली.

४.१०
आली. जिन्यापासूनच बोलत होती. मुलींना सुईत दोरा ओवता येत नाही, एकीने स्वतःचीच ओढणी कापडाला शिवून टाकली. इतकं बोलताना तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मी टोपी काढून कप भरला. वर साय आली होती.
तिने पूर्ण कप संपवला. म्हणाली, छान झालाय.
पहाटे साडेपाचला, माना डोलावत, पाच जणांनी हेच म्हटलं होतं.
वाईट वाटलं. वर्ष होत आलं, काहीतरी वाटायची ही पहिलीच वेळ. तिला म्हटलं, गार होता. म्हणाली, हो.

५.३०
लिस्टिंग उघडली. चार तास खोडलं. पाऊण तास लिहिलं.